मार्करचा शब्द

लीग! नुसतं नाव काढलं तरी धाकूच्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि गंमत बघा, जेसल पार्कच्या नाक्यावर कुणी विचारलं, की काय धाकूभाऊ, लीगमुळे धंदा कसा चाललाय, तर त्याला 'चांगला' असंच म्हणावं लागतं. खोटं नाहीच ते. मंगळवारी न् गुरुवारी संध्याकाळी त्याच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

धाकू मूळचा संगमेश्वरकडचा. सोळाव्या वर्षी मुंबईतल्या एका मोठ्या क्लबात बिलियर्ड्सच्या खोलीत झाडलोटीला लागला आणि पुढं मार्कर झाला. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, बॉल जागेवर ठेवणारा, आणि मुख्य म्हणजे फाउल झाला की सांगणारा माणूस. पगार बेताचा, पण शब्दाला मान केवढा! बाहेर ज्यांच्यापुढं लोक हात जोडून उभे राहायचे, ते धाकूनं हळूच 'फाउल, साहेब' म्हटलं की मुकाट्यानं बाजूला व्हायचे. त्याच्या उस्तादानं त्याला शिकवलं होतं, की पक्कं दिसल्याशिवाय बोलायचं नाही आणि एकदा बोललं की ब्रह्मदेव आला तरी फिरवायचं नाही. चोवीस वर्षांत धाकूनं शब्द फिरवला नाही.

दोन हजार तीनला क्लबानं जुन्या लोकांना पैसे देऊन घरी पाठवलं. ते सगळे पैसे धाकूनं भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या एका भाड्याच्या गाळ्यात घातले. पहिल्या मजल्यावर एक मोठं स्नूकरचं टेबल न् तीन छोटी पूलची. बायको आनंदी स्टीलच्या कारखान्यात पॉलिशला जायची, तिनं कपाळाला हात लावला. पण गिऱ्हाईक आलं. जुने मिठागरवाले दाजी पहिल्या दिवसापासून येत होते. सत्तरी गाठलेला माणूस, धोतराचा काचा मारून मोठ्या टेबलावर वाकायचा. भांडण झालं की दाजी काठी आपटून म्हणायचे, धाकूला विचारा. धाकू सांगायचा, भांडण संपायचं. पोरं पैज हरायची, शिव्या द्यायची, पण त्या नशिबाला, धाकूला नाही.

पुढं कमी झालं सगळं. पोरांना दुसरे नाद लागले, दुपारी तर टेबलांवर कव्हरंच असायची. गाळेवाला येता-जाता सांगायचा, की एकजण जिमसाठी जागा बघतोय. हॉल जाणार, हे धाकूला दिसत होतं. अशात दोन हजार सातला कांदिवलीहून रोहित नावाचा एक गोडबोल्या आला. हौशी खेळाडूंची पूल लीग काढतोय म्हणाला. आठ टीम, आठवड्याला दोन संध्याकाळी, हॉल आपोआप भरेल. भरला की हो! ऑफिसातनं सुटलेली माणसं आली, कधी क्यूची काठी हातात न धरलेल्या बाया आल्या, सामोसे संपायला लागले. आनंदीनं कारखाना सोडला. धाकूनं स्वतःच्या हॉलचीही एक टीम केली आणि दाजींना हाता-पाया पडून तिच्यात घेतलं.

पहिल्याच मंगळवारी एकाची क्यूची काठी एकाच फटक्यात बॉलला दोनदा लागली. धाकू सवयीनं बोलला, 'फाउल.' सगळे त्याच्याकडं असे बघायला लागले, जणू भिंत बोलली. रोहितनं त्याला गल्ल्यापाशी नेलं आणि खांद्यावर हात टाकून समजावलं, की लीगमध्ये मार्कर नसतो. फाउल समोरच्यानं धरायचा. दोघांचं जमलं नाही तर जो खेळतोय त्याचं खरं. मग हात काढून घेत म्हणाला, "धाकूभाऊ, हॉल तुमचा, लीग आमची. परत मध्ये बोललात तर पुढचा सीझन मीरा रोडला."

म्हणजे चोरानंच सांगायचं, मी चोरी केली की नाही! धाकू दात-ओठ खात घरी आला. आनंदी म्हणाली, मेलं त्यांचं ते बघून घेतील, आपलं घर चाललंय ना. गुरुवारी धाकू गल्ल्यामागं बसून सामोसे मोजत राहिला.

सेमीफायनलला दाजींची गाठ साहिलशी पडली. साहिल म्हणजे लीगचा लाडका, मनगटात जाड कडं, शर्टाच्या पाठीवर स्वतःचं नाव. शेवटची फ्रेम, म्हणजे शेवटचा डाव. आठ नंबरचा बॉल भोकात पाडला की साहिल जिंकला, बस. साहिल पुढं वाकला आणि त्याचं कडं आठ नंबरला लागलं. चांगला बोटभर सरकला बॉल. धाकू कोपऱ्यात दोन हातांवर उभा. याहून पक्कं काय दिसायचं राहिलं?

दाजींनाही दिसलं. ते म्हणाले, हात लागला. साहिल म्हणाला, छे, कुठे? पोरं हसली, आजोबांचा चष्मा बदला म्हणाली. दाजी रागावले नाहीत. लहान पोरानं बापाकडं बघावं तसं त्यांनी धाकूकडं बघितलं.

"धाकू, हात लागला का न्हाय? तू सांगशील तेच खरं."

रोहित गल्ल्याला टेकून उभा होता, नुसता बघत होता. धाकूच्या डोळ्यांसमोर जिमवाला आला, आनंदीचे पॉलिशनं काळे झालेले हात आले. अरे, शब्द तोंडात तयार होता! चोवीस वर्षं जो आपसूक बाहेर पडला, तोच!

"मी बघितलं नाही, दाजी," धाकू म्हणाला.

दाजींनी मान हलवली. साहिलनं बॉल पाडला, पोरांनी टाळ्या पिटल्या. दाजी क्यू पुसून, जागेवर लावून, कुणाला दोष न देता जिना उतरले. धाकूला वाटलं, रोहितची कॉलर धरून त्याला त्याच जिन्यावरनं गडगडत खाली सोडावा. पण कॉलर धरायला तोंड तर पाहिजे.

लीग राहिली. पुढच्या सीझनला बारा टीम झाल्या, गाळेवाला जिमचं विसरून गेला. हॉल वाचला म्हणाल तर वाचला.

त्या सेमीफायनलनंतर पंधरा-वीस दिवसांनी दाजी पुन्हा आले, दुपारी, एकटा धाकू असताना. बरोबर त्यांचा जुना भिडू काशीनाथ होता. धाकूचा जीव भांड्यात पडला. त्यानं धावत जाऊन मोठ्या टेबलाचं कव्हर काढलं, ब्रश मारला, बॉल मांडले, न सांगता भिंतीपाशी उभा राहिला. आधीसारखं सगळं होईल, असं त्या वेड्याला वाटलं.

अर्ध्या खेळात अडलं. काशीनाथच्या बाहीचा काठ निळ्या बॉलला लागला की नाही, यावर दोघांचं जुंपलं. धाकूला स्वच्छ दिसलं होतं. तो एक पाऊल पुढं आला आणि नेहमीसारखा हळू म्हणाला, "लागला. फाउल."

काशीनाथनं वळूनही बघितलं नाही. दाजींनी बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर धाकूनं पाय धरले असते.

"धाकू, तू चाय सांग," दाजी म्हणाले. "आमचा आमी बगतो."