धुतलेल्या काचा

गोविंदा गेल्याचं मला ठाण्याला कळलं ते शाळा सुटता सुटता. कल्याणहून आलेल्या त्याच्या शेजाऱ्याने दारातूनच सांगितलं, "मास्तर, ज्वर उतरलाच नाही हो..." त्याला आता महिना होऊन गेला. माणसं मरतात, चाळिशीच्या आतही मरतात, एवढं मला कळतं. पण मी शांतपणे लिहायला बसलेलो नाही. मला राग आला आहे आणि तो अजून गेलेला नाही.

गोविंदा फोटोग्राफर होता. पोटासाठी तो कल्याणात नव्या जोडप्यांच्या आणि पगडीवाल्या वकिलांच्या तसबिरी काढायचा; जीव मात्र मारवाडच्या वाळवंटात अडकलेला. थंडी पडली की कॅमेरा, तो टेकवायचं तिकाटणं आणि काचांची पेटी घेऊन हा निघाला. "वाळूची कसली तसबीर काढता? रेती काय आपल्या खाडीत नाही?" असं लोक विचारायचे. तो हसून सोडून द्यायचा, माझं डोकं तापायचं. एकदा मीही त्याच्याबरोबर गेलो. पहाटे वाळूच्या टेकडीवर चढायला लागलो तर मागून ओरडला, "अरे गाढवा, तिकडून नको! पावलं उमटतील!" पावलं उमटलीच. तेवढ्यात सूर्य वर आला, आणि स्वारी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळकडे वारा सुटला, माझी पावलं पुसली गेली, तेव्हा कुठे मला हाताला धरून शेजारी बसवलं. "आता बघ. दुपारी वाळू नुसती परातीतल्या पिठासारखी दिसते. ऊन आडवं आलं की एकेका वळीला सावली मिळते." सूर्य टेकला आणि खरोखरच सगळी वाळू उठून उभी राहिली. असं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्या पहाटा, त्या संध्याकाळी काचेवरच्या पातळ थरात उतरल्या होत्या. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. कागदावर छापल्यावर खरं चित्र दिसणार. ते छापायला मी त्याच्या किती मागे लागलो! "मनासारखा कागद विलायतेहून यायचाय. काचा काय पळून जातात, मास्तर?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. माझा राग त्याच्यावरही आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावणार.

स्मशानातून परतताना मी त्याच्या थोरल्या भावाला, अण्णांना, बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्या पेटीतल्या काचांना कुणी हात लावू नका." ते म्हणाले, "छे छे, कोण लावतो!" तेराव्यानंतर मी मुंबईत एक छापणारा गाठला, कागदाची सोय केली आणि पेटी आणायला कल्याणला गेलो. पेटी अंगणात उन्हात पालथी घातलेली होती. शेजारी भिंतीला काचा ओळीने टेकवून ठेवलेल्या, लखलखीत. त्यांच्यातून भिंतीचा गिलावा दिसत होता.

"अण्णा, हे काय केलंत?"

"सुतक फिटल्यावर घर धुवायचं नाही का? कढत पाणी आणि राख घेऊन तुमच्या वहिनीने दोन दिवस घासल्या. फार काजळी होती हो."

"मी हात लावू नका म्हणालो होतो!"

"म्हणजे काय, लावलाच नाही. सुतक असेपर्यंत कुणी शिवलंसुद्धा नाही."

अण्णा लबाड नाहीत. धाकटा भाऊ गेल्यापासून त्यांना धड जेवण जात नाही. तरी त्या क्षणी मला त्यांचा गळा धरावासा वाटला. गोविंदाला आपण जाळून आलो होतो. त्याने जे पाहिलं ते या घराने राखेने घासून गटारात सोडलं. मी निघालो, तेव्हा अण्णा डोळे पुसत माझ्यामागे आले. हातात धोतराच्या फडक्यात बांधलेली एक काच होती. "आठवण म्हणून न्या. सगळ्यांत स्वच्छ निघालेली ठेवली आहे तुमच्यासाठी."

मी ती घेतली... ती आता माझ्या टेबलावर उभी आहे. हिच्यामागे एखाद्या देवाची तसबीर बसवू या, असं घरचे रोज सुचवतात. मी बसवू देत नाही. कोणी विचारलंच की ही रिकामी काच कशाला ठेवली आहे, तर मी सांगतो, रिकामी नाही, मारवाडातली पहाट आहे ती. आमच्या गोविंदाने काढलेली.