मोठ्या आईच्या स्मरणार्थ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या मोठ्या आईचे, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोचे. आमचं गाव तिसगावच्या पलीकडे, कोरड्या पट्ट्यात. दिवाळी झाली की अर्धी आळी ऊसतोडीला जायची; माझे आईवडीलही जायचे. एका वर्षी मोठ्या आईचा पाय उसाच्या गाडीखाली सापडला. तेव्हापासून तिची तोड सुटली आणि मागे राहणारी आळीतली सगळी पोरं तिच्या पदरात पडली. ती आम्हाला खायला घालायची, केस विंचरायची आणि शाळा बुडवणाऱ्याच्या मागे निंबाचा फोक घेऊन लंगडत यायची. त्या फोकाच्या जोरावर मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. माझ्या प्रमाणपत्रावर खरं तर तिची सही हवी होती. आहे कुलगुरूंची, पण ते माझ्यामागे कधी पळाले नव्हते.

नोकरीत स्थिरावलो तसं विद्यापीठाचं आवाहन आलं. प्रादेशिक अभ्यास केंद्र उघडलं आहे, आपल्या भागाचा अभ्यास आपणच केला पाहिजे, माजी विद्यार्थ्यांनी सढळ हाताने मदत करावी. मला भरून आलं. मी शिकत होतो तेव्हा आमचा भाग अभ्यासक्रमात फक्त दुष्काळाच्या नकाशावर यायचा, तोही पिवळ्या रंगात.

मी मोठ्या आईच्या नावाने एक अभ्यासवृत्ती द्यायचं ठरवलं. अट एवढीच की दरवर्षी एका विद्यार्थिनीने तोडीच्या हंगामात आमच्यासारख्या गावात राहावं आणि मागे उरलेल्या माणसांचा हंगाम कसा जातो ते लिहावं. पहिली मुलगी मोठ्या आईकडेच राहणार होती. आता पोरं आईबापाबरोबर जातात किंवा वसतिगृहात असतात, त्यामुळे हंगामात तिचं घर रिकामं पडतं. मुलगी येणार म्हटल्यावर तिने लगेच मधली खोली सारवली आणि मला भेटेल तेव्हा एकच विचारू लागली, "पोरगी च्याची हाय का दुधाची?"

देणगीदारांचा सत्कार नगरला एका मंगल कार्यालयात ठेवला होता. विद्यापीठाकडे सभागृह होतं, पण देणगीदार इकडे होते. व्यासपीठावर नवरानवरीच्या सोनेरी खुर्च्या तशाच होत्या. एकीवर केंद्रप्रमुख बसले होते आणि दुसरीवर राहात्याकडचे एक मोठे ऊस बागायतदार, ज्यांनी केंद्राला अख्खा मजला बांधून दिला होता. मागच्या फ्लेक्सवर जिल्ह्याचा नकाशा होता. बागायतदारांच्या वडिलांचा फोटो जागेअभावी पूर्वेच्या अंगाला छापल्यामुळे आमचा तालुका त्यांच्या फेट्याखाली गेला होता.

"आपल्या भागाचा अभ्यास झालाच पाहिजे," बागायतदार भाषणात म्हणाले. "पण चांगला झाला पाहिजे! नाहीतर हे अभ्यासवाले येतात, आपल्याकडे जेवतात आणि आपलंच वाईट लिहून जातात." सर्वांत जोरात टाळ्या केंद्रप्रमुखांनी वाजवल्या.

मग निवेदकाने, जो एरवी त्याच कार्यालयात लग्नांचं निवेदन करत असावा, घोषणा केली की ज्यांच्या स्मरणार्थ देणग्या मिळाल्या त्या पुण्यात्म्यांना आपण उभं राहून श्रद्धांजली वाहू. नावं सुरू झाली. शेवटचं नाव होतं, "आणि कैलासवासी..." पुढे मोठ्या आईचं संपूर्ण नाव.

सगळं सभागृह उठलं. माझ्या शेजारी मोठी आईही उठली. तिने डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती नेहमीच मोठ्याने बोलते. त्या शांततेत तिने विचारलं, "कोन गेलं रं?"

"नंतर सांगतो."

"आपल्याकडचं कुनी हाय का?"

पुढच्या रांगा वळून बघू लागल्या. "तूच," मी पुटपुटलो.

"आं?"

"तूच गेलीस!"

हे जरा मोठ्याने झालं. मोठ्या आईने जोडलेले हात सोडले. "मंग मी बसते," ती म्हणाली. "पाय दुखतोय." आणि बसली.

कार्यक्रम संपल्यावर मी केंद्रप्रमुखांना गाठलं. "सर, त्या हयात आहेत. त्या बघा, तिथे बसल्यात." त्यांनी पाहिलं. मोठ्या आईने त्यांना लांबूनच नमस्कार केला, तो त्यांनी स्वीकारला नाही.

"अहो, तुमची देणगी स्मृती योजनेत आहे. तिच्यात कैलासवासी आपोआपच लागतं."

"मग काढून टाका."

"हयात व्यक्तीचं नाव नाही देता येत. जिवंत माणूस उद्या काय करील सांगता येतं का? निवडणुकीला उभा राहतो, पक्ष बदलतो. गेलेल्या माणसाची कशी खात्री असते."

"मजल्याला ज्यांचं नाव आहे ते तर आत्ता भाषण करून गेले."

"ती गौरव योजना. तिची रक्कम वेगळी." मग ते माझ्या कानाशी आले. "तसं वयही झालंय ना त्यांचं? पाटी रंगवून झालीय. थोड्या दिवसांसाठी कशाला खाडाखोड?"

मी देणगी परत मागितली. "तुमची इच्छा," ते म्हणाले. "या वर्षीची मुलगी निवडलीय, तिला नको म्हणून कळवतो." आणि ते जेवायला गेले.

परतीच्या जीपमध्ये मोठी आई माझी सत्काराची शाल न्याहाळत होती. "मेलेल्याला शाल देत न्हाईत व्हय? आन हिकडं, थंडी वाजतीया." शाल पांघरून झाल्यावर मी तिला ओरडून ओरडून सगळं सांगितलं. जीपमधली बाकीची माणसंही ऐकत होती.

"मंग पोरगी येनार का न्हाई?"

"पैसे परत घेतले तर नाही येणार."

"आन न्हाई घेतले तर?"

"येईल. पण तू त्यांच्या पाटीवर मेलेली राहशील."

"आरं येड्या, जित्या मानसाला मेलं म्हनलं का आयुष्य वाढतंय. आन मी खोली सारवून ठिवलीय, ती काय तुझ्या इद्यापीठाच्या बापासाठी?"

अख्खी जीप हसली. देणगी राहिली, पाटीही राहिली. दिवाळी झाल्यावर मुलीचा निरोप आला. मोठ्या आईला मोबाईलवर ऐकू येत नाही, पण ती चौथीपर्यंत शिकली आहे आणि पत्र बोट ठेवून वाचते. म्हणून हे पत्र पाठवलं:

ती. मोठ्या आईस,
साष्टांग नमस्कार.

मुलगी सोमवारी येते आहे. चहाची आहे, मी विचारून घेतलं. राहात्याकडची आहे, उसातच वाढली, पण ऊस तोडणारी माणसं येतात कुठून ते तिने पाहिलेलं नाही. तिला हसू नकोस. तिचे केस विंचरायला घेऊ नकोस, ती मोठी आहे.

आता नीट वाच. तिला जी अभ्यासवृत्ती मिळाली ती एका कैलासवासी बाईंच्या स्मरणार्थ आहे, एवढंच तिला माहीत आहे. गावात तुला सगळे मोठी आईच म्हणतात, त्यामुळे तिच्या लवकर लक्षात यायचं नाही. पहिलं प्रकरण त्या बाईंवर लिही, असं तिला केंद्राच्या साहेबांनी सांगितलं आहे. म्हणजे आल्या आल्या ती तुलाच विचारणार, त्या कशा होत्या?

तुला वाटेल ते सांग. वाढवून सांगितलंस तरी चालेल, गेलेल्या माणसाबद्दल सगळे चांगलंच बोलतात. फोकाचं मात्र खरं सांग.

शाल मला परत नको.

तुझा,
फोक खाल्लेला