रॅमला मारलेली कानस

“बाबा, रॅमला कानस मारलीत तुम्ही?” मी असा ओरडलो की मालाडच्या आमच्या बिल्डिंगमधले सातही मजल्यांवरचे कुकर शिट्टी द्यायचे थांबले.

बाबा जन्मभराचे फिटर. माझ्या पहिल्या गेमिंग कॉम्प्युटरचे सुटे भाग मी महिनाभर एकमेकांशी ताडून ठरवले होते. लग्नाच्या पत्रिकासुद्धा कुणी इतक्या जुळवत नाही. फक्त रॅम त्यांनी हौसेनं आणली आणि ती जुन्या पिढीची निघाली. तिची खाच बोर्डाला जुळेना.

“अर्ध्या सुताचो फरक होतो,” ते खुशीत म्हणाले. “घासलंय. आता बसतली.”

“कळत नाही ना, मग हात कशाला लावता?”

त्यांनी कानस फडक्यात गुंडाळली. पुढे दुसरी रॅम आली, कॉम्प्युटर चालू झाला, त्यावर मी लाखभर राक्षस मारले. बाबा मात्र कधी त्याच्याजवळ फिरकले नाहीत.

ते गेल्यावर आज त्यांची हत्यारांची पेटी उघडली. तेलाचा वास आला आणि तो माझा आवाज माझ्याच कानात घुमला.

शेवटच्या आजारात मी धीर करून विचारलं होतं, “बाबा, त्या दिवशी राग आला होता?”

“नाय रे. माप चुकला माझा.”