पाणी अडवणारं, वाफ सोडणारं

माझी बायको एका सोमवारी गेली. सकाळी तिने मशीनला तेल दिलं होतं.

जॅकेटची गोष्ट त्याआधीच्या उन्हाळ्यातली. आमची मुलगी वनरक्षक आहे, भंडारदऱ्याच्या बाजूला. तिथे पावसाळ्यात चार-चार दिवस उघडीप नसते. तिच्याकडचा रेनकोट पाणी अडवायचा, पण चढावर घाम आतच साठायचा. आदल्या पावसाळ्यात दोनदा ती ताप घेऊन संगमनेरला घरी आली. "पावसानं नाही गं आई, आतूनच भिजते मी," म्हणाली.

"मी शिवते," बायको म्हणाली. तिने आयुष्यभर ब्लाउज शिवले होते. मी ग्रंथालयातला माणूस, म्हणून वाचून काढलं: काही कापडांना आतून एक पातळ पापुद्रा असतो, त्यातून वाफ जाते, थेंब जात नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "वाचलंत ते बरं केलंत. आता चष्मा घ्या नि चला."

नगरच्या कापड बाजारात दुकानदाराने आमच्यासाठी चहा मागवला. तिने तो प्यायलाच नाही. वाफाळत्या ग्लासावर कापडाचा तुकडा ताणून रबर लावलं आणि वर माझा चष्मा धरला. काच स्वच्छच राहिली.

"वहिनी, कापड घेताय की चहा गाळताय?"

"तुमचं कापड नुसतं अडवतंय. दुसरं दाखवा."

दुसऱ्यावर काच लगेच धुरकटली, पण खळगा करून पाणी ओतलं तर खालून थेंब आला. तिसऱ्यावर काच हळूहळू धुरकटली. खळग्यातलं पाणी आमचा नवा चहा येऊन संपेपर्यंत जागचं हललं नाही. दुकानदाराने स्वतःचा चष्मा काढून पुन्हा करून पाहिलं. मग त्याने बाकीची ठाणं गुंडाळून ठेवली.

घरी आल्यावर तिच्याकडून चूक झाली. आधी कच्चे टाके घालायचे, मग मशीन मारायची, ही तिची कायमची शिस्त. ब्लाउजच्या कापडात सुईचं भोक बुजून जातं, यात बुजलं नाही. मुलगी जॅकेट घालून अंगणात नळाखाली उभी राहिली आणि दोन्ही खांद्यांवर टाक्यांच्या ओळीने पाणी आत आलं.

"राहू दे आई, चालेल मला."

"मला नाही चालणार."

उरलेल्या कापडातून तिने खांदे पुन्हा बेतले. या वेळी एकही टाका नाही, टाचणी नाही. दोरीवर कपडे वाळत घालायचे चिमटे लावून कडा धरल्या आणि थेट मशीन मारली. मशीनची भोकं झाकायला शिवणींवर आतून पट्टी इस्त्रीने चिकटवली. चाळीस वर्षांची सवय तिने एका दुपारी बाजूला ठेवली. मी समोर पुस्तक उघडून बसलो होतो, पान मात्र उलटलं नाही.

आषाढात मुलीचा फोन आला. "कोरडी आहे गं."

"पावसाचं नाही, घामाचं विचारतेय."

"त्याचंच सांगतेय. आमच्या नाक्यावरचे काका विचारत होते, लई भारी हाय, कोणत्या कंपनीचं? म्हटलं, आईचं."

बायकोने फोन माझ्याकडे दिला आणि मशीनवरची चिंधी उचलून मशीन पुसत बसली. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

त्या हिवाळ्यात ती गेली.

चिमटे परत दोरीवर आहेत. मुलगी त्याच डोंगरात आहे. त्या जॅकेटमधला हा तिचा तिसरा पावसाळा, आणि आत ती कोरडी असते.