रविवारची गोळी

रविवारी मला भूक लागायची. बाकीचे सहा दिवस पोटात गोळी असे. वर्गात चित्त थाऱ्यावर राहावं म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी ती लिहून दिली होती आणि तिच्यामुळेच मला वाचता येऊ लागलं, हे मी नाकारत नाही. पण जेवण तुटलं. वजन बघणारे भोरचे डॉक्टर म्हणाले, "रविवारी सुट्टी द्या. पोरीला खाऊ द्या." मग रविवारी मी आमच्या मार्गासनी गावभर हुंदडायची आणि घरी येऊन भाकऱ्या हाणायची.

ताईला बघायला पाहुणे आले तेही नेमके रविवारीच. सकाळी आईनं गोळी पुढे केली.

"आज सुट्टी हाय," मी म्हणाले.

"पाव्हनं येनारेत. तू नाचलीस तर म्हनतील, घरान्यात येड हाय. गीळ!"

गिळली. घराण्याच्या शहाणपणाचा भार दहा वर्षांच्या माझ्यावर आला होता.

मी सतरंजीच्या कडेला बसून राहिले. पोह्यांची बशी समोर तशीच. ताईला सगळं विचारून झाल्यावर मुलाची आई माझ्याकडे बघून म्हणाली, "धाकली लई गुनाची हो!" आई अशी फुलली की जणू पसंती मलाच आली. माझे रविवार तिथंच संपले. सुपारी, साखरपुडा, बस्ता, दर वेळी गोळी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. आमची ताई चांगली नाकेली होती, विघ्न मी एकटीच.

भोरला काट्यावर उभी राहिले तर वजन उतरलेलं.

"रविवारी देत नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई वो, शप्पत," आई म्हणाली. तिची बोटं माझ्या दंडात रुतली होती. मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा मला आजही संताप येतो, पण माझ्यावर नाही.

"सुट्टी देऊनही वजन उतरतंय, म्हणजे गोळी मानवत नाही. बंद करा."

घरात थोड्या गोळ्या उरल्या होत्या. आईनं त्या डब्यात घालून फळीवर ठेवल्या. आता शाळेला गोळी नाही, पाहुण्यांना गोळी. पुस्तकातली अक्षरं पुन्हा माझ्या हाती लागेनात. शेवटची गोळी मी हळदीच्या दुसऱ्या दिवशी, मांडवात गिळली. सगळे म्हणाले, पोर किती शांत!

पाचवीचा पेपर मी कोरा दिला. आईनं लाटण्यानं मारलं.

"लग्नात कशी गप बसली हुतीस? मंग शाळंतच काय हुतं गं तुला?"