पितरांच्या आधी पाणी

रामघाटाच्या मागच्या गल्लीत माणिक मुळ्ये राहायची. उज्जैनच्या मराठी घरांत तिला सगळे माणिककाकू म्हणत, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. श्राद्धाचा स्वयंपाक असला की पहिलं नाव तिचं निघायचं. इंदूर-देवासहून लोक पितरांचं करायला यायचे, सिद्धवटावर पिंड द्यायचे आणि धर्मशाळेत पानं मांडायचे. वडे, खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, कढी. हे तर कोणीही रांधेल. पण माणिककाकूंच्या हातचं सोवळं म्हणजे सोवळं, त्यात खोट निघायची नाही, असं गुरुजी यजमानाला सांगायचे आणि ते ऐकताना चुलीपुढे पाठमोऱ्या बसलेल्या माणिकची मान जराशी ताठ व्हायची.

हे सोवळं तिला सासूनं शिकवलं होतं. वासंतीबाई सरदारांच्या मुदपाकखान्यात रांधणाऱ्या घराण्यातल्या. त्या म्हणायच्या, "चूल पेटली की पितर दारात येऊन उभे राहतात. ते ताटकळत उभे असताना रांधणारीनं घोट घ्यायचा नाही. आणि उठायचं नाही. लघवीला गेलीस की सोवळं मोडलं." काठीनं उंच वाळत घातलेलं लुगडं नेसून माणिक अंधार असतानाच चुलीपुढे बसायची, ती ब्राह्मणांची पानं उठेपर्यंत. दुपार कलायची. तहानेनं टाळू कोरडी पडू नये म्हणून काय करायचं हे कोणी शिकवलं नव्हतं. पण लघवी लागू नये म्हणून काय करायचं ते तिचं तिनंच शोधून काढलं होतं. आदल्या संध्याकाळपासून ती पाणी तोडायची.

पुढ्यात पाण्याचा भरलेला हंडा. घाटावर दर्भ धरून लोक आपापल्या मेलेल्यांना ओंजळी ओंजळी पाणी देत असायचे. आणि माणिकच्या जिभेला ओल नसायची. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट दिवस संपला की अंगात एक हलकेपणा यायचा, देवळाच्या गाभाऱ्यातून बाहेर आल्यासारखा.

नवरा कामाला होता ती कापडगिरणी बंद पडली, तेव्हा या कामानं घर धरलं. मग नवरा गेला. मुलगा अभिजीत मोठा झाला, फ्रीगंजमध्ये रंगीत टीव्हीच्या दुकानात लागला, चांगलं चाललं. सून केतकी आली. आता काकूंनी घरी बसलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. पण तोवर ते नुसतं काम राहिलं नव्हतं. तीच ते झाली होती.

जळजळ सुरू झाली ती केव्हाची, हे तिलाही आठवत नव्हतं. लघवीला गेलं की निखारा ठेवल्यासारखं व्हायचं, आणि थेंब थेंब. ही काय सांगायची गोष्ट? ती धने भिजवून त्याचं पाणी प्यायची, जवाचं पाणी प्यायची, दोन दिवसांनी बरं वाटायचं. केतकीनं एकदा तिला न्हाणीघराच्या भिंतीला टेकून, दात आवळून उभं राहिलेलं पाहिलं आणि धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, पुरत्या संपवायच्या म्हणून बजावलं. तिसऱ्या दिवशी आग थांबली. माणिकनं उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून दिल्या.

"आई, सगळ्या घ्यायच्या असतात त्या."

"बरं झाल्यावर कशाला घ्यायच्या? पाहुणा गेल्यावर पान वाढतं का कोणी? पुढच्या वेळी कामी येतील."

आणि पुढच्या वेळी खरंच त्या कामी आल्या, म्हणजे तिला तसं वाटलं. दोन गोळ्या, आणि आग विझली. राख झाली असं तिनं धरलं. निखारा आत तसाच धुमसत होता. कमरेत एका बाजूला कळ यायची, त्यावर ती मेडिकलवाल्याकडून दर्दाची गोळी आणायची. ती गोळी घेऊन तिनं किती पितृपक्ष काढले, याचा हिशेब ठेवायचं तिला कारण नव्हतं. तीच गोळी मूत्रपिंडाला पोखरते, हे तिला कोण सांगणार? मेडिकलवाला तर नावानं ओळखून हसून द्यायचा.

सिंहस्थ होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. सर्वपित्री अमावास्येला धर्मशाळेत तीन घरांची पानं होती. वडे तळताना माणिकला थंडी वाजून आली. कढईपुढे बसलेल्या बाईला थंडी! हात थरथरत होते, तेल उडत होतं. ती उठली नाही. पानं वाढून झाली, कावळा घासाला शिवला, मग ती उठली आणि मागच्या अंगणातल्या मोरीत गेली. भैरवगढला रंगारी कापड धुतात तेव्हा नालीतून लाल पाणी वाहतं, तसं तिच्या पायाशी वाहिलं. ती बघत राहिली. मग तांब्याभर पाणी ओतून तिनं ते धुऊन टाकलं, बाहेर आली आणि यजमानणीला म्हणाली, "खीर जरा घट्ट झालीय, दूध घालून घ्या." तेवढं बोलून ती पायरीवर कोसळली.

माधव नगरात डॉक्टर नागर बसायचे. सोनोग्राफीचं यंत्र शहरात नवंनवंच होतं. पोटावर थंडगार चीक लावून त्यांनी पडद्यावर बराच वेळ पाहिलं.

"माँजी, पेशाब रोकती हैं?"

"रोकना क्या," माणिक म्हणाली, "हमारे में उठतेच नहीं."

"हमारे में मतलब?"

"सोवळे में."

नागर लहानपणी मराठी शेजारात वाढलेले. त्यांना शब्द कळला. ते हसले नाहीत. त्यांनी अभिजीतला आत बोलावलं, पण बोलले तिच्याशीच, सावकाश. डाव्या बाजूला खडा अडकून बसला आहे, फार जुना. त्याच्यामागे लघवी तुंबून तुंबून ते मूत्रपिंड संपलं आहे. वारंवारच्या संसर्गानं उजव्यालाही धक्का बसला आहे, पण ते अजून चालतं. "एक गई. दूसरी बचानी है. वो आपके हाथ में है, मेरे नहीं." दिवसभर थोडं थोडं पाणी. लघवी लागली की लगेच उठायचं, कशासाठीही थांबायचं नाही. औषध अर्धं टाकायचं नाही. दर्दाची गोळी कायमची बंद. जळजळ झाली तर त्याच दिवशी यायचं, लघवी तपासायची.

"और वो खाना बनाना?" अभिजीतनं विचारलं.

"खाना बनाइए. प्यासे रहकर मत बनाइए."

वर्षभर तिनं सगळं ऐकलं. केतकी तांब्या घेऊन मागे असायची. "आई, प्यायलात?" "प्यायले गं बाई. शिप्रा आटेल एक दिवस, मग म्हणशील सासूनं प्यायली." गल्लीतली सुलभा ओट्यावरून ओरडायची, "काकू, आज किती वेळा?" आणि काकू हात उडवून म्हणायची, "ये की, मोजायला तूच बस दाराशी!" रक्ताचा रिपोर्ट जागच्या जागी थांबला. नागर म्हणाले, बहुत बढ़िया. काकूच्या तोंडावर तजेला आला. तिलाच नवल वाटायचं, हातावरची कातडी मऊ झाली होती.

पण त्या वर्षी श्राद्धाचं एकही काम तिनं घेतलं नव्हतं. पितृपक्षात ती खिडकीशी बसायची. खाली माणसं दर्भ, तीळ घेऊन जायची. कोणाकडे कोणी रांधलं ते कानावर यायचं. देवासच्या एका घरानं तर केटररला सांगितलं होतं, आणि केटररचा माणूस बूट घालून वाढत होता म्हणे. ते ऐकून तिला जेवण गेलं नाही. आपण जिवंत आहोत, आणि आपल्या नावाचं पान कोणीतरी परस्पर उचलून नेलं, तसं काहीतरी.

पुढच्या भाद्रपदात गोपाळगुरुजी आले. पाटावर बसले, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले.

"माणिककाकू, ग्वाल्हेरचे लोक आहेत. म्हातारे आहेत यजमान, आता परत येणं नाही त्यांचं. तुमच्याच हातचं हवं म्हणतात."

"डॉक्टरनं मना केलंय, गुरुजी."

"त्यांना मी सगळं सांगितलंय. म्हणतात, काकूंनी पाणी प्यावं, लागेल तेव्हा उठावं, आमची काही हरकत नाही. जमाना बदललाय. मी स्वतः सांगतो ना, दोष नाही त्यात."

केतकी आतून बाहेर आली. "गुरुजी, तुम्ही नका ना त्यांना..."

"जाऊ दे मला," माणिक म्हणाली. "उठता येतंय की आता. पाणी पीन. तुझी शपथ."

ग्वाल्हेरच्या लोकांनी शब्द पाळला. चुलीशेजारी तिच्यासाठी पाण्याचा वेगळा तांब्या, वर फुलपात्र झाकून ठेवलेलं. यजमानांची सून दोनदा येऊन म्हणाली, "काकू, पाणी घ्या हं." कोणी तिला अडवलं नव्हतं. चूल पेटली. कढीला उकळी आली. माणिकनं तांब्याकडे हात नेला, आणि हात तिथंच राहिला.

दारात ते उभे होते. तिला कोणी दिसलं नव्हतं, असलं काही दिसणाऱ्यांतली ती बाई नव्हती. पण उंबऱ्यापाशी कोणीतरी उपाशी, तान्हेलं उभं आहे, हे तिला पाठीला कळत होतं. आयुष्यभर कळत आलं होतं. त्यांच्यासमोर आपण घटाघटा कसं प्यायचं? खीर झाली की पिऊ, तिनं ठरवलं. खीर झाली. वडे झाले की. वडे झाले. पोट दाटून आलं, ओटीपोटात दगड बसला. पानं वाढली की. असं करत दुपार कलली, आणि जेव्हा ती तांब्या उचलायला गेली तेव्हा सगळे तृप्त होऊन सुपारी कातरत होते.

घरी केतकीनं विचारलं, "प्यायलात ना?"

"हो," माणिक म्हणाली.

जिची शपथ घेतली होती त्या सुनेशी ती तेवढं एकच खोटं बोलली. मग ताप आला. दोन दिवस तिनं तो अंगावर काढला, कारण ताप सांगितला तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी ती बरळायला लागली. ज्या गाडीतून तिला नागरांकडे नेलं, त्याच गाडीत त्यांनी तिला इंदूरला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात ती वाचली. उजवं मूत्रपिंड वाचलं नाही.

आता आठवड्यातून दोनदा अभिजीत तिला पहाटेच्या बसनं इंदूरला नेतो. मानेत नळी बसवली आहे, तिच्यातून रक्त यंत्रात जातं, धुतलं जातं आणि परत येतं. माणिक छताकडे बघत पडून असते. नळीला पाणी लागायचं नाही, म्हणून डोक्यावरून अंघोळ बंद. म्हणजे सोवळं आता या जन्मात नाही. आणि पाणी मोजून. लघवीच होत नाही, तेव्हा प्यायलेलं जाईल कुठं? ते पायात उतरतं, छातीत चढतं, श्वास अडतो. केतकी छोट्या वाटीनं देते. सुलभा एकदा नारळपाणी घेऊन आली, मूत्रपिंडाला चांगलं म्हणून; केतकीनं ते दारातूनच परत केलं, यांना ते विष आहे म्हणून सांगितलं, आणि सुलभा रडायला लागली. ज्या पाण्याला माणिक आयुष्यभर नाही म्हणाली, ते आता तिला नाही म्हणत होतं. उन्हाळ्यात ती माठावर तळहात टेकवून बसायची.

या पितृपक्षात नवऱ्याची तिथी आली. घरच्या श्राद्धाचा स्वयंपाक केतकीकडे होता. माणिक स्वयंपाकघराबाहेर, उंबऱ्याच्या अलीकडे खुर्ची टाकून बसली. आत जायची सोय नव्हती. अंग ओवळं होतं. तिथून ती सांगत होती, केतकी करत होती. कढीला फोडणी, आमसुलं कोळून, वड्याचं पीठ. मग तिचं लक्ष केतकीच्या पायांकडे गेलं. केतकी एक पाय दुसऱ्यावर दाबून उभी होती.

"केतकी."

"काय आई?"

"कधीपासून?"

"काही नाही. वडे झाले की जाते."

"पाणी प्यायलीस सकाळपासून?"

केतकीनं मान हलवली. नाही.

"बापरे. कोणी शिकवलं तुला हे?"

केतकीनं तिच्याकडे पाहिलं. माणिकच्या गळ्यापाशी नळी ठणकली.

"जा आधी. ये, आणि पाणी पी. तांब्याभर."

"आई, बाबांचं पान वाढायचंय. वडा तेलात आहे. सोवळं..."

"त्यांना वाट बघायची सवय आहे. दोन वर्षं गिरणीच्या फाटकावर बसले होते, उघडेल उघडेल म्हणून. घटकाभर अजून बसतील. जा म्हणते ना!"

केतकी गेली. कढईत वडा लाल व्हायला लागला. माणिक खुर्चीच्या हाताला धरून उठली. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली, तिथं जे कोणी उभे असतील त्यांच्यामधून वाट काढावी तशी अंग चोरून आत गेली, आणि त्या ओवळ्या हातानं तिनं वडा उलटला.