लहानू शाहिराची टेप

मी एकेकाळी टीव्हीसाठी लिहायचो हे कळलं, की पाहुणे खुर्ची पुढे ओढतात. "सांगा ना काहीतरी गमतीचं!" गमतीचं भरपूर आहे. या धंद्यात एखादं वर्ष काढलं तरी जन्मभर पुरतील एवढे किस्से जमतात, आणि मी तर बरीच वर्षं काढली. अडचण एवढीच, की लोक हसतात तिथे माझं डोकं अजून तापतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या धरमपेठेत आमचं व्हिडिओ युनिट होतं. टीव्हीला आणि सरकारी खात्यांना ग्रामीण कार्यक्रम तयार करून द्यायचं. मी सावनेरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. दिवसा कॉलेजात मराठी शिकवायचो, संध्याकाळी युनिटसाठी स्क्रिप्ट लिहायचो. आमचे निर्माते वर्तक मुंबईहून आले होते. त्यांच्या मनातल्या खेड्यात सगळी माणसं इस्त्रीचे कपडे घालून फिरायची, आणि प्रत्यक्षातलं खेडं तसं दिसलं नाही की ते खेड्यावरच चिडायचे.

*

पहिलंच शूटिंग संत्र्याच्या निगेवर. वर्तकांनी तारीख धरली मे महिन्यातली. मी म्हटलं, "साहेब, मे महिन्यात झाडावर पिकलेलं संत्रं नसतं."

"तुम्ही स्क्रिप्ट बघा. संत्री मी बघतो."

त्यांनी इतवारीच्या बाजारातून शोकेसमध्ये ठेवायची मेणाची संत्री आणली आणि दोऱ्याने झाडांना बांधली. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन! कॅमेरा लागेपर्यंत संत्री लांबली, वाकली, आणि पानांवरून नारिंगी ओघळ खाली यायला लागले.

बागेचा म्हातारा मालक बराच वेळ पाहत होता. मग त्याने अगदी गंभीर तोंडाने वर्तकांना विचारलं, "साहेब, हा रोग मी पहिल्यांदाच पाहून राहिलो. याच्यावर फवारा कोणता मारू?"

वर्तकांनी मला सांगितलं, की या लोकांना शिक्षणाची फार गरज आहे.

*

पुढचा कार्यक्रम कापूस वेचणाऱ्या बायांवर. मुख्य भूमिकांसाठी शहरातल्या दोन नट्या आणल्या. गर्दीसाठी त्याच शेतातल्या खऱ्या मजूर बाया उभ्या केल्या. वर्तकांच्या हुकुमाने मेकअपवाल्याने नट्यांच्या तोंडाला तपकिरी रंग फासला, कारण त्या गावच्या वाटत नव्हत्या. मग मजूर बायांना पावडर थापली, कारण त्या फारच गावच्या वाटत होत्या.

मी भांडलो. "साहेब, रंग काढा आणि ज्या जशा आहेत तशा उभ्या करा." ते म्हणाले, "कॅमेऱ्याला खरं चालत नाही हो, लेखक."

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या एका झाडाखाली बसल्या. एका वेचणीवालीने नट्यांकडे पाहिलं, मग आपल्या मैत्रिणींकडे पाहिलं आणि मला विचारलं, "गुरुजी, थ्या काया झाल्या, आमी गोऱ्या झालो. आता संध्याकाळी कोनं कोनाच्या घरी जावं?"

सगळ्या खदखदून हसल्या. मी नाही हसलो. माझी आई त्याच कामावर जन्मभर राबलेली होती.

*

पुढच्या कार्यक्रमासाठी सावनेरजवळच्या खाप्याच्या लहानू शाहिराला मी आणलं. खडी गंमत हा आमच्याकडचा लोकनाट्याचा प्रकार, आणि त्यात लहानूसारखा माणूस दुसरा नव्हता. गाणी सगळी तोंडपाठ, कुठे लिहिलेली नाहीत. घरात त्याचा साधा फोटो नव्हता. त्यात दम्याने धरलेला. हा माणूस गेला तर सगळंच जाईल, ही मला धास्ती होती.

रात्रभर चालणारी गंमत वर्तकांनी आठ मिनिटांत मागितली. शाहीर हो म्हणाला आणि एकदा सुरू झाल्यावर विसरला. फ्लोअर मॅनेजरने कॅमेऱ्यामागून बोट हवेत गोल फिरवलं. त्यांच्या धंद्यात त्याचा अर्थ, आवरतं घ्या. शाहिराला वाटलं, साहेब खूश झाले आणि गिरकी मागताहेत. त्याने गिरकी घेतली. मॅनेजरने बोट जोरात फिरवलं, शाहिराने दुप्पट वेगाने गिरकी घेतली आणि त्या तालातच नवं कवन उचललं. असा शाहीर मी जन्मात पाहिला नव्हता. शेवटी टेपच संपली तेव्हा तो थांबला आणि धापा टाकत खाली बसला.

"हे राहीन ना जी?" त्याने वर्तकांना विचारलं.

"शाहीर, आता तुम्ही अमर झालात," वर्तक म्हणाले.

त्यातली आठ मिनिटं ज्या संध्याकाळी टीव्हीवर लागली, त्या संध्याकाळी शाहिराचा अख्खा मोहल्ला तिथल्या एकुलत्या एक टीव्हीसमोर जमला होता. नेमकी तेव्हाच विजेची लाइन गेली. शाहिराने स्वतःला पाहिलंच नाही, आणि त्याच्या बायकोनेही नाही.

*

टेपा तेव्हा महाग. एका टेपेवरचं पुसून तिच्यावरच दुसरं रेकॉर्ड करायची आमच्याकडे पद्धत होती. टेपांचं स्टोअर युनिटातल्या पांडेंकडे होतं. मी त्यांना विचारलं, "काय पुसायचं हे तुम्ही ठरवता कसं?"

"सिंपल आहे. ज्याच्यासाठी कोणाचा फोन येत नाही, ते पुसायचं."

त्या दिवसापासून मी पानठेल्यावरून पांडेंना फोन करायला लागलो. कधी खाप्याचा नगरसेवक बनून, कधी सावनेरचा तालमास्तर बनून. "लहानू शाहिराचा प्रोग्राम पुन्हा कधी लागते जी?" पांडे दर वेळी अदबीने म्हणायचे, "टेप अगदी सेफ आहे, साहेब."

मग परीक्षेच्या पेपर तपासणीसाठी मला अमरावतीला जावं लागलं. परत आलो तर कळलं, शाहीर गेला.

*

तेराव्यानंतर त्याची बायको पार्वताबाई टेम्पो करून आली. बरोबर गणगोत आणि शाहिराचा ढोलकीवाला. "गुरुजी, एकडाव दाखवा त्यायले."

वर्तकांनी परवानगी दिली. पांडेंनी टेप आणली. वर कागद चिकटवलेला होता, लहानू शाहीर, खापा. सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि सतरंजीवर बसले. पार्वताबाईने डोक्यावरचा पदर नीट केला.

पडद्यावर एका मंत्र्याने फीत कापली. शीतगृहाचं उद्घाटन होतं. हार झाले, भाषण सुरू झालं. मी पांडेंकडे पाहिलं, ते खिडकीबाहेर पाहत होते. मला त्यांची गचांडी धरावीशी वाटत होती, पण समोर ती माणसं हात जोडून बसली होती. मोठ्या माणसाचं आधी होईल, मग आपल्या माणसाचं, असं समजून ती पूर्ण भाषण ऐकत होती. भाषण संपलं, टाळ्या झाल्या आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या.

"आमचे कुठी हायेत?" पार्वताबाईने विचारलं.

वर्तक खाकरले. "बाई, त्याचं असं असतं, टेप एकच असते. तुमच्या शाहिरांच्या वर आम्हाला हे साहेब घ्यावे लागले."

पार्वताबाई पडद्याजवळ गेली. पदराने तिने काचेवरची धूळ टिपली आणि पांडेंकडे वळून शांतपणे म्हणाली, "मंग या सायबाले पुसून टाका ना जी. खालून आमचे निघतीन."